फाटकाबाहेर थांबलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुरुंगातून सुटून परवा एक वर्ष झालं. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय.

नऊ वर्षांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि माझ्या अंगावर अटकेच्या दिवशीचे उन्हाळी कपडे. घरून कोणी येणार नव्हतं. तुम्ही मात्र हातात स्वेटर घेऊन उभ्या होतात. "नियमातच आहे हे," म्हणालात. मला वाटलं, माझा संकोच जावा म्हणून बोलताय. पुढे तुम्हीच तो नियम वाचून दाखवलात. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम आहेत. २०१५ साली ते सुधारले, तेव्हा त्यांना २७ वर्षं कैद भोगलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. त्यातला १०८वा नियम सांगतो की सुटणाऱ्याजवळ ओळखीची कागदपत्रं असावीत, जायला घर आणि करायला काम असावं, मुक्कामी पोचायला आणि सुरुवातीचे दिवस निभवायला पैसे असावेत, आणि अंगावरचे कपडे हवामान व ऋतू बघून असावेत. ऋतू! नियम लिहिताना कुणाला तरी सुटलेल्या कैद्याची थंडी आठवली होती. मला भरून आलं.

तुम्ही सुटकेच्या सहा महिने आधीपासून मला तुरुंगात भेटायला यायचात. "बाहेर आल्यावर बघू" असं एकदाही म्हणाला नाहीत. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून पगाराची नोकरी नाही. हा गुंता आत बसून सुटत नाही. तुम्ही एकेक टोक धरून तो सोडवलात.

पण कागदांपेक्षा मला ते पहिले पंधरा दिवस जास्त आठवतात. बंद दारासमोर मी नुसता उभा राहायचो, कुणीतरी उघडेल म्हणून. आत कैदी स्वतः दार उघडत नाही ना. बराकीत रात्रभर दिवा जळतो, त्यामुळे अंधारात डोळा लागेना. पहाटे गिनतीच्या, म्हणजे कैदी मोजायच्या, वेळेला आपोआप उठून अंथरुणाशेजारी उभा. तुम्हाला हे सांगताना मान वर होत नव्हती. तुम्ही कीव केली नाहीत. "राहू दे दिवा चालू महिनाभर," एवढंच म्हणालात.

कामासाठी भूतकाळ लपवायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. तिथे तुम्ही कडक झालात. दोन ठिकाणी खरं सांगितलं, दोन्हीकडून परत फिरलो, आणि तुमच्यावर चिडलोही. त्याबद्दल माफ करा. तिसऱ्या मालकांनी विचारलं, "वेल्डिंग येतं का?" ते मी आतच शिकलो होतो. आज मी कुणाला घाबरून मान वळवत नाही, ते त्या खरेपणामुळे.

माझ्या हातून ज्यांचं नुकसान झालं, त्यांचं दुःख माझ्या सुटकेने संपलेलं नाही. हे तुम्ही मला विसरू दिलं नाहीत, आणि त्यावरून मला कधी टोचलंही नाहीत. दोन्ही एकाच माणसाला जमणं किती अवघड आहे, ते मला आता कळतं.

मुलगी चार वर्षांची होती मी गेलो तेव्हा. "दारात जाऊन हक्क मागू नका, पत्र लिहा," म्हणालात. अकरा पत्रं लिहिली. बाराव्याच्या आधी तिचं आलं. चारच ओळी आहेत. वरती 'बाबा' लिहिलंय.

पुढच्या महिन्यात माझ्या बराकीतला एक जण सुटतोय, त्याच्याकडेही कोणी नाही. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. तुमच्याबरोबर मीही फाटकाशी येईन. त्याला कोणत्या मापाचा स्वेटर बसेल, तेवढं विचारून कळवा.

तुमचा,
एक सुटलेला माणूस