अणूची आकृती आणि तिचे माप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कणभौतिकीतील एखाद्या शोधाची बातमी छापून आली की तिच्यासोबत बहुधा अणूची तीच आकृती असते: मधोमध केंद्रकाचा ठसठशीत गोळा आणि त्याच्याभोवती बोटभर अंतरावर फिरणारे इलेक्ट्रॉन. शालेय पुस्तकांतही हेच चित्र असते. ते समजायला सोपे आहे हे मान्य. परंतु अणूविषयीची सर्वांत विलक्षण गोष्ट, म्हणजे त्यातील मापे, नेमकी तीच या चित्राआड दडून जाते.

हायड्रोजनचाच अणू घ्या. त्याचे केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, आणि त्याची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर असते. एक मीटरचे एक लाख कोटी भाग करून त्यांतल्या एकाचे पुन्हा हजार भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता मात्र सुमारे ५३,००० फेम्टोमीटर अंतरावर सर्वाधिक असते, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येच्या ६३ हजार पट दूर. छापील आकृतीतले केंद्रक एक सेंटीमीटर रुंद असेल, तर इलेक्ट्रॉन तीनशे मीटरहून अधिक अंतरावर काढावा लागेल, आणि तरीही अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान त्या एका सेंटीमीटरातच असेल. मधली जागा निव्वळ रिकामी आहे असेही म्हणता येत नाही, कारण इलेक्ट्रॉन हा एका ठिकाणी बसलेला ठिपका नसून त्याचा तरंग त्या साऱ्या जागेत पसरलेला असतो.

इतके सूक्ष्म माप माणसाने काढले कसे, हे तर आकडे ठाऊक असल्याशिवाय उमगतच नाही. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन या शास्त्रज्ञांनी प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने बाहेर पडणारे धनभारित कण) सोडले, तेव्हा सुमारे आठ हजारांतला एखादा कण मागे उलटला. कणाला असे मागे उलटवणारे काहीतरी अणूत अगदी लहान जागी एकवटलेले असले पाहिजे, हे ओळखून अशा मोजक्या कणांवरून रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली. पुढे २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत, इलेक्ट्रॉनच्या जागी त्याहून सुमारे २०७ पट जड आणि म्हणून प्रोटॉनच्या कितीतरी जवळ वावरणारा म्युऑन हा कण योजून मोजणी केली असता, प्रोटॉनची त्रिज्या तोवर मानल्या गेलेल्या ०.८८ ऐवजी ०.८४ फेम्टोमीटर भरली. या चार शतांश फेम्टोमीटरच्या तफावतीवर शास्त्रज्ञ अनेक वर्षे खल करत होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजण्यांनीही लहान आकड्यालाच दुजोरा दिला. केंद्रकाचा गोळा पानावर एवढा मोठा पाहत वाढलेल्या वाचकाला या कामाची थोरवी कशी कळावी?

म्हणून विनंती अशी, की अणूची आकृती छापताना तिच्याखाली ‘आकृती प्रमाणात नाही’ एवढ्यावर न थांबता ‘प्रत्यक्षात अणू केंद्रकाच्या हजारो पट मोठा असतो’ हे वाक्यही द्यावे. विज्ञान पुरवणीत हा भागाकार विद्यार्थ्यांकडूनच करवून घेता आला, तर फारच उत्तम. घातांक शिकलेल्या कोणत्याही मुलाला तो जमेल.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक