जोडी न पटणे आणि माणूस न पटणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

काल्पनिक पात्रांच्या जोड्या जमवणाऱ्या चाहत्यांवर आणि त्यांच्या ऑनलाइन भांडणांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख प्रसिद्ध झाला. हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, त्यातून केवळ वैर वाढते, तेव्हा संकेतस्थळांनी असल्या जोड्यांवर सरळ बंदी घालावी, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. गेली वीसहून अधिक वर्षे मी याच उद्योगात आहे. या भांडणांत मी मार खाल्लेला आहे आणि, कबूल करायला हवे, दिलेलाही आहे. म्हणून हे पत्र.

ज्या वाचकांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी एक खुलासा करते. दोन पात्रांची जोडी जुळावी असे मानून त्यावर कथा लिहिणे, चित्रे काढणे आणि वाद घालणे, याला ‘शिपिंग’ म्हणतात. या शब्दाचा जहाजांशी काही संबंध नाही; तो ‘रिलेशनशिप’ या शब्दाचा तुटून स्वतंत्र झालेला तुकडा आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेतील मल्डर आणि स्कली या दोन तपास अधिकाऱ्यांमध्ये प्रेम जुळावे, असे वाटणारे प्रेक्षक स्वतःला ‘रिलेशनशिपर’ म्हणवत. त्याचेच पुढे ‘शिपर’ झाले. प्रेमप्रकरण नको, दोघांची मैत्री आणि तपासच पुरे, असे म्हणणाऱ्यांनी ‘नोरोमो’ हे नाव घेतले. म्हणजे हा शब्द जन्मला तोच मुळी दोन तट पडल्यामुळे. आणखी एक शब्द या लिखाणात सतत भेटतो, तो म्हणजे ‘ओटीपी’. तो बँकेकडून येणारा आकडा नसून ‘माझ्या दृष्टीने एकमेव खरी जोडी’ असा त्याचा अर्थ आहे, हे मला माझ्या घरच्यांना दोनदा समजावून सांगावे लागले आहे.

शब्द नवा असला तरी वृत्ती नवी नाही. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या चार बहिणींच्या कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि बहिणींची लग्ने कोणाशी होणार, अशी विचारणा करणारी वाचक मुलींची पत्रे सुरू झाली. त्यांपैकी ‘जो’ नावाच्या बहिणीचे शेजारच्या लॉरीशी लग्न कोणाच्याही खुशीखातर मी लावणार नाही, अशी नोंद अल्कॉट यांनी त्याच वर्षी आपल्या रोजनिशीत केली आणि दुसऱ्या भागात, काहीशा हट्टानेच, ‘जो’साठी वयाने बराच मोठा असलेला एक जर्मन प्राध्यापक शोधून काढला. ज्या ‘पिग्मॅलियन’वरून आपल्याकडे ‘ती फुलराणी’ आले, त्या नाटकात हिगिन्स आणि एलायझा यांची जोडी जमू नये, असे बर्नार्ड शॉ यांचे ठाम मत होते. परंतु १९१४ च्या लंडनमधील प्रयोगांत हिगिन्सची भूमिका करणारा नट शेवटी एलायझाकडे फुले फेकून शॉ यांच्या मतावर बोळा फिरवीत असे. अखेर १९१६ मध्ये शॉ यांना एक लांबलचक उपसंहार जोडून एलायझाचे लग्न फ्रेडीशी झाल्याचे जाहीर करावे लागले. तेही पुष्कळांनी मानले नाही. आणि वाल्मीकींच्या उत्तरकांडात धरणीच्या पोटात गेलेल्या सीतेची रामाशी पुन्हा भेट घडवून आणणाऱ्या आठव्या शतकातील भवभूतीला काय म्हणावे, हे मी विद्वानांवर सोडते. एवढे मात्र खरे, की मिळालेला शेवट मनाला न पटल्यामुळे वेगळा शेवट लिहिणे हा आळशी माणसाचा उद्योग नव्हे.

मग भांडण कोठे होते? माझ्या अनुभवात, तीन वेगवेगळी विधाने एकमेकांत मिसळली की होते. ‘मला ही जोडी आवडत नाही’ हे पहिले विधान. त्यावर वाद संभवत नाही, कारण आवड सिद्ध करून दाखवण्याची गोष्ट नाही. ‘मूळ कथेत या जोडीला आधार नाही’ हे दुसरे. यावर वाद जरूर व्हावा, प्रसंगांचे आणि संवादांचे दाखले देऊन व्हावा, आणि मला विचाराल तर या छंदातली अर्धी मजा त्या वादातच आहे. ‘ही जोडी ज्याला आवडते तो माणूस वाईट आहे’ हे तिसरे. पहिल्या विधानावरून तिसऱ्यावर उडी घेताना मध्ये काही पायऱ्या लागतात, याचा रागाच्या भरात आपल्याला विसर पडतो.

ही उडी मी स्वतः घेतलेली आहे. हॅरी पॉटरच्या मालिकेत हर्मायनीची जोडी हॅरीशी जमणार की रॉनशी, यावर पहिली पुस्तके येत होती तेव्हापासून वाचकांत कडाक्याचे वाद होते. मी रॉनच्या पक्षात होते. जुलै २००५ मध्ये सहावे पुस्तक आले आणि पारडे उघडच रॉनकडे झुकले. त्याच सुमारास लेखिका जे. के. रोलिंग यांची दोन चाहत्यांनी घेतलेली मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत हॅरी-हर्मायनीच्या समर्थकांना मुलाखतकारांपैकी एकाने ‘भ्रमात असलेले’ अशा अर्थाचा शब्द वापरला, आणि आपण या बाबतीत पुरेशा ठळक खुणा पेरल्या होत्या, असे स्वतः लेखिकेनेही सांगितले. आमच्या पक्षाला तर जणू न्यायालयाचा निकालच मिळाला. तो एक शब्द पुढे कित्येक महिने आम्ही दगडासारखा भिरकावत होतो. त्या काळात माझी एक मैत्रीण दुसऱ्या पक्षात होती. आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो, पण तीन वर्षे एकमेकींना लांबलचक पत्रे लिहीत होतो आणि एकमेकींच्या कथांचे कच्चे खर्डे तपासत होतो. तिलाही मी तोच शब्द ऐकवला. तिची जोडी हरली होती, तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मला तिची वाचनाची समजच कमी आहे असे म्हणायचे होते, आणि तसे मी म्हटले. तिने उत्तर दिले नाही, आणि नंतरही कधी लिहिले नाही.

पुढे २०१४ मध्ये हर्मायनीची भूमिका केलेल्या एमा वॉटसन यांनी रोलिंग यांची मुलाखत घेतली. रॉन आणि हर्मायनी यांना एकत्र आणण्यामागची कारणे साहित्यिक कमी आणि आपल्या स्वतःच्या इच्छापूर्तीची अधिक होती, असे रोलिंग यांनी तीत सांगितले. ती मुलाखत वाचून मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या मैत्रिणीला ईमेल पाठवला. पत्ता बंद झाल्याची सूचना तेवढी परत आली. इकडे हरलेला पक्ष जुने हिशेब काढून आमच्यावर तुटून पडला होता, आणि लेखिकेचा शब्द शेवटचा मानणारे आमच्यातले काही जण ‘लेखिकेला काय कळते’ असे लिहू लागले होते. नऊ वर्षांत बाजू बदलल्या, शब्द तेच राहिले. लेखकाचे मत वाचकाने ऐकावे, पण त्याची लाठी करून दुसऱ्याच्या डोक्यात घालू नये, हे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

आता एक गुंतागुंतीची बाब. आवडीला काही कारणे नसतात, ती निरागस असते, असा माझा दावा नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतील कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाची चाहत्यांनी लिहिलेली पहिली छापील कथा १९७४ मध्ये एका हौशी नियतकालिकात आली. पात्रांची नावेसुद्धा तीत उघड केलेली नव्हती, इतका त्या काळी संकोच होता. अशा कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या कित्येकांना पडद्यावर स्वतःसारखे माणूस कधी दिसलेलेच नव्हते. त्यांनी ‘ही जोडी खरी व्हायला हवी’ असे म्हटले तर त्याचे वजन माझ्या रॉन-हर्मायनीच्या हट्टापेक्षा निश्चितच वेगळे आहे. याचीच दुसरी बाजू अशी की, एखाद्या मालिकेत कृष्णवर्णीय पात्र मध्यवर्ती असूनही चाहत्यांच्या जोड्यांतून ते पुन्हा पुन्हा गळते, हे कोणी निदर्शनास आणून दिले तर ‘ही माझी आवड आहे’ असे म्हणून कान झाकून घेणेही मला योग्य वाटत नाही. हजारोंच्या आवडी एकाच दिशेने वाहत असतील तर त्या दिशेबद्दल प्रश्न विचारता येतो. मात्र तो प्रश्न प्रवाहाला विचारायचा असतो. एका सोळा वर्षांच्या मुलीने काढलेल्या चित्राखाली शंभर जणांनी जमून तो विचारला, तर ती चर्चा राहत नाही.

अलीकडे या वादाने अधिक कडवे रूप घेतले आहे. ज्या जोडीतील संबंध क्रूर, विषम किंवा अनैतिक आहेत ती जोडी लिहिणारा माणूस तशा संबंधांचे समर्थनच करतो, असे मानणारा एक मोठा गट आहे. त्यांची काळजी मी सरसकट उडवून लावत नाही. कोवळ्या वयाच्या वाचकापुढे काय येते आणि कोणत्या इशाऱ्यासह येते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे बरेचसे उत्तर तांत्रिक आहे आणि ते उपलब्धही आहे. २००९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या कथासंग्रहाचेच उदाहरण घ्या. तेथे दोन नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर कथा प्रेमाची, आणि ‘अँड’चे चिन्ह असेल तर मैत्रीची. हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू यांसारख्या गोष्टींची सूचना लेखकाने आधी द्यायची, किंवा आपण सूचना देणार नाही हे तरी स्पष्ट सांगायचे. आणि नको असलेली जोडी वाचकाने आपल्या यादीतून गाळून टाकायची. ही गाळणी हाताशी असताना जो मुद्दाम नको ती कथा उघडतो, शेवटपर्यंत वाचतो आणि मग लेखिकेला गुन्हेगार ठरवतो, त्याच्या संतापाबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही. खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या घरी आपण पोलीस पाठवत नाही.

माझी स्वतःची एक मर्यादा आहे, तीही सांगते. जिवंत, खऱ्या माणसांच्या जोड्या मी वाचत नाही. कल्पित पात्राला काही वाटण्याचा प्रश्नच येत नाही. नटाला, गायकाला वाटू शकते, आणि त्याच्या खऱ्या जोडीदाराला तर नक्कीच वाटते. तरीही असे लिखाण आपसात, ते कल्पित आहे हे स्पष्ट सांगून वाचले जात असेल तर ते बंद पाडावे असे मी म्हणणार नाही. ते त्या माणसाच्या पुढ्यात नेऊन टाकणे किंवा त्यातील प्रेम खरेच आहे असा प्रचार करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

आपल्या लेखकाने सुचवलेल्या बंदीचे काय होते, याचे उदाहरणही याच प्रकारातले आहे. २०१९ मध्ये गाजलेल्या ‘द अनटेम्ड’ या चिनी मालिकेतील नट शियाओ झान याची सहकलाकाराबरोबर जोडी लावणारी एक कथा वाचून त्याचे काही चाहते दुखावले. माझ्यासारख्यांना तो राग समजू शकतो. पण त्यांनी पान उलटण्याऐवजी फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारी यंत्रणेकडे तक्रारींचा सपाटा लावला, आणि २९ फेब्रुवारीला वर उल्लेखलेला सगळाच्या सगळा कथासंग्रह चीनमध्ये उघडेनासा झाला. त्या कथेशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य वाचकांचे दार त्याबरोबर बंद झाले. चिडलेल्या वाचकांनी मग शियाओ झान ज्या मालाची जाहिरात करत होता त्यावर बहिष्कार पुकारला. म्हणजे ज्याच्या अब्रूसाठी हे सारे केले, नुकसान त्याचेही झाले. एका कथेसाठी मागितलेली बंदी त्या एका कथेपाशी थांबली नाही, आणि ती तशी थांबवण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्यांच्या हातात उरलाही नव्हता.

माझी गाळणी मी आजही लावून ठेवते. मला मुळीच न मानवणाऱ्या एका जोडीचे नाव तीत कित्येक वर्षे आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्याच यंत्रावरून वाचत असताना गाळणी लागलेली नव्हती आणि त्या जोडीची एक दीर्घकथा माझ्याकडून उघडली गेली. काय आहे ते लक्षात येईपर्यंत मी तिसऱ्या प्रकरणात होते, आणि मग बंद करवेना. पहाटे दोनला ती संपली. जोडी मला अजूनही पटलेली नाही आणि का पटलेली नाही याची कारणे मी पानभर लिहू शकेन. ती न लिहिता, तिने रंगवलेला आगगाडीतला प्रसंग फार सुरेख उतरला आहे, एवढेच मी त्या लेखिकेला कळवले. तिचे उत्तर आले आहे. दुसऱ्या भागाचा खर्डा मी तपासून देईन का, असे तिने विचारले आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक