बाई, तुमच्या सुंभाच्या कड्यांसाठी मनापासून आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. मुलांनी आपलं ध्येय आपणच ठरवावं म्हणून तुम्ही जे खेळ दिलेत, ते गुहागर तालुक्यातल्या एका लहानशा शाळेपुरते राहू नयेत, असं फार वाटतं. नाव घालू नका म्हणून तुम्ही बजावलंत, तेव्हा नुसतं ‘बाई’. वाडीत तसंही तुम्हाला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी. दुसरी आणि तिसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. पावसाळ्यात अंगणात पाय ठेवायची सोय नाही, म्हणजे जे काय खेळायचं ते पडवीत. आणि ‘ध्येय’ हा शब्द आपल्याकडे शाळेत येतो तो भिंतीवरच्या सुविचारात, नाहीतर ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नात. पोलीस, डॉक्टर, बोटीवर जाणार, उत्तरं ठरलेली. ‘वीस वर्षांनंतरचं विचारून या पोरांच्या आजच्या दुपारी काय फरक पडतो हो गुरुजी?’ असं तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत आणि पिशवीतून सुंभाच्या पाच कड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्यात. निवृत्तीनंतर घरी बसून वळलेल्या.

खेळ असा: जुन्या पाटाला ठोकलेली खुंटी मध्ये, लांबून कड्या तिच्यात टाकायच्या. कुठून टाकायचं ते मुलानेच ठरवायचं आणि त्या फरशीवर आपली खूण म्हणून एक शिंपली ठेवायची. टाकण्याआधी मोठ्याने सांगायचं, ‘पाचातल्या तीन!’ मग टाकायच्या. पाटीवर दोन आकडे लिहायचे, म्हटलेला आणि झालेला. म्हटलं तेवढं झालं तर शिंपली एक फरशी मागे न्यायची की तिथेच ठेवून आकडा वाढवायचा, हेही त्यानेच बघायचं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. मास्तरांसाठी एकच नियम होता आणि तो सगळ्यात कडक: मूल जागा निवडत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही.

तिसरीतली एक मुलगी रोज थेट भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तिथून एकही कडी पडायची नाही आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही. मला राहवत नव्हतं, ‘अगं, जरा पुढे ये’ म्हणावंसं वाटायचं. तुम्ही नुसती मान हलवायचात. नंतर चहा पिताना मला डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलंत. त्याच्या अभ्यासात हाच कड्यांचा खेळ होता. काही करून दाखवायची ओढ असलेली मुलं मधलं अंतर घेतात, जमेलही आणि हुकेलही असं. हरण्याची धास्ती असलेली एकतर खुंटीला चिकटून उभी राहतात, नाहीतर पार लांब, कारण तिथून हुकलं तर कोण नावं ठेवणार? (हाच माणूस १९६०च्या दशकात आंध्रात काकीनाड्याला येऊन तिथल्या छोट्या उद्योजकांबरोबर काम करून गेला, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.) त्या दिवसापासून मी त्या मुलीकडे नीट पाहायला लागलो. ती हट्टी नव्हती, घाबरलेली होती.

मग एके दिवशी तिने शिंपली उचलली, दोन फरश्या पुढे आणली, परत अर्धी मागे सरकवली. ओठ हलवत अंतर मोजलं. ‘पाचातली एक,’ म्हणाली, इतक्या हळू की शेजारच्याने ‘किती?’ म्हणून विचारलं. दुसरी कडी खुंटीत बसली. बाकीच्या चार बाहेर. पाटीवर तिने एक आणि एक असे दोन आकडे गिरवून गिरवून जाड केले. बाई, तुम्ही तेव्हा खिडकीशी होतात आणि टाळी वाजवली नाहीत. तिचं यश तुम्ही तिच्याच हातात राहू दिलंत, हे मी कधी विसरणार नाही.

पडवीतून हे वहीत आणायची वाटही तुम्हीच दाखवलीत. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक या मानसशास्त्रज्ञांचा १९८१चा प्रयोग तुम्ही मला मराठीत लिहून दिलात. वजाबाकीत मागे पडलेली सात ते दहा वर्षांची मुलं. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं. काहींना, सात बैठकींत मिळून बेचाळीस. काम तेवढंच. पण रोजच्या सहा पानांवर नजर ठेवणारी मुलं वजाबाकीत पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढला आणि गणिताची गोडीही लागली. आता आमच्याकडे हातच्याच्या वजाबाक्यांना शिंपली आहे. ‘आज किती?’ हे मूल आधी सांगतं, वहीच्या कोपऱ्यात लिहितं आणि मगच पेन्सिलीला टोक काढतं.

‘जर-तर’च्या चेंडूने तर पालकही चकित झालेत. गोल करून उभं राहायचं, चेंडू टाकताना एकाने अडचण म्हणायची, झेलणाऱ्याने तोड सांगायची. ‘जर लाईट गेली तर?’ ‘तर दिवेलागणीच्या आधीच ओटीवर बसून वाचीन.’ ‘जर घरी मुंबईचे पाव्हणे आले तर?’ ‘तर त्यांनाच पाढे म्हणून दाखवीन!’ आडकाठी येणारच, तिची तयारी आधी हवी, हे एरवी कितीही सांगितलं असतं तरी सात वर्षांच्या डोक्यात शिरलं नसतं. चेंडू झेलता झेलता शिरलं.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानामुळे तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं व्हावं म्हणून आम्ही सगळेच शिक्षक धडपडतोय. कुठल्या मुलाने कुठवर पोचायचं ते तक्त्यावर लिहिलेलं असतं. पण तक्ता आमचा असतो. मुलाचा स्वतःचा आकडा कुठला, हे विचारायला तुम्ही शिकवलंत, आणि माझ्या मते त्याशिवाय तक्ता पुढे सरकत नाही.

कड्या आता झिजल्यात, दोन उसवल्याही. दुसरीतल्या एका मुलाच्या आजीने नव्या वळून द्यायचं कबूल केलंय. गणपतीची सुट्टी संपली की आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत हा खेळ मी मांडणार आहे, पाट-खुंटीसकट, आणि आधी सगळ्या शिक्षकांनाच शिंपली ठेवायला लावणार आहे. तुम्ही याच. गाडीची सोय करतो, दाराशी येऊन घेऊन जाईन.

आपला नम्र,
दुसरी-तिसरीचा वर्गशिक्षक