पेंटरकाका, तुमचा पत्रा आमच्याकडेच राहिलाय

काका, नमस्कार. तुमची मुलगी मोबाईलवर सगळं वाचते असं तुम्हीच म्हणाला होतात, तर तिने तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून इथे लिहितेय. समोर बोलायला गेलं की तुम्ही "त्यात काय मॅडम, कामच आहे आपलं" म्हणून विषय मिटवता.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगते. डोंबिवलीतला आमचा वन बीएचके, बेडरूमची एक भिंत हायलाईट करायची हे माझ्या डोक्यात वर्षभर घोळत होतं. बेडमागची भिंत, १० बाय ९, त्यावर मोठ्या पानांचा गडद वॉलपेपर. ऑफर दिसली म्हणून दोन रोल आधीच मागवले, रिटर्न होत नाही हे नंतर वाचलं. आणि गणपतीला सासूबाई यायच्या आत सगळं चकाचक हवं होतं. तुम्ही आलात, रोलकडे बघितलंसुद्धा नाही, बेड पुढे ओढायला लावलात आणि खालच्या कोपऱ्यात तुमच्या पत्र्याने, म्हणजे पुट्टी ओढायच्या पातीने, जरासं खरवडलंत तर तळहाताएवढा पोपडा हातात आला, आत सगळं पांढरं पिठासारखं. "लोणा लागलाय" एवढंच बोललात, म्हणजे ओलीमुळे भिंतीतले क्षार बाहेर आलेत. मी म्हटलं, मग वॉलपेपर लावला की झाकलं जाईल ना? तेव्हा तुम्ही माझ्याकडे जसं बघितलंत ना काका, ते अजून विसरले नाहीये.

मग ती दुधाची पिशवी. रिकामी पिशवी मागितलीत, कापून धुऊन पुसून सपाट केलीत, चारी बाजूंनी मास्किंग टेपने भिंतीला चिकटवलीत आणि उद्या सकाळी काढून बघा म्हणालात. मला वाटलं हा काय टाइमपास लावलाय. सकाळी काढली तर भिंतीकडच्या बाजूला बारीक बारीक थेंब, बोटाने ओढले तर ओघळ यायला लागले. थेंब पिशवीच्या खोलीकडच्या बाजूला असते तर खोलीतला दमटपणा म्हणता आला असता, आतून आले म्हणजे भिंतच पाणी सोडतेय, हे तुम्ही फोनवर समजावलंत. खिडकीखालची बाहेरची चीर पण तुम्हीच अर्धे बाहेर वाकून शोधलीत (माझा जीव टांगणीला). ती बाहेरून बुजवून घ्या, पाऊस जाऊ दे, दिवाळीनंतर फोन करा, तोवर मी रंगाचा डबा उघडणार नाही, असं म्हणालात.

आणि मी चिडले. काम नको असेल तर तसं सांगा, मी दुसरा बघते, असं बोलले मी तुम्हाला, तेही तोडून. दुसरा बघितलाही, तो म्हणाला आजच लावून देतो, पण नवरा म्हणाला थांब जरा, ती पिशवी आठव. सासूबाई आल्या, पोपडा निघालेली भिंत बघितली आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे बघा. भिंतीने तोवर स्वतःच शेवाळी शेड निवडलेली होती.

दिवाळीनंतर तुम्ही आलात तेव्हा त्या भांडणाचं एक अक्षर काढलं नाहीत. आधी परत पिशवी लावलीत, यावेळी कोरडी. मग खराब पुट्टी पार प्लास्टरपर्यंत काढून प्रायमर, लांबी (म्हणजे नवी पुट्टी), पॉलिश पेपर, परत प्रायमर, दोन दिवस घरभर पीठच पीठ. रंग मला मोबाईलवर बघितलेला निळा हवा होता. तुम्ही दोन फुटी चौकोनात तो लावून दाखवलात आणि रात्री ट्यूबलाईट लावून बघा म्हणालात. बघितला. शाळेच्या युनिफॉर्मसारखा! विटकरी तुम्ही सुचवलात, पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी बघा म्हणून, आणि खरंच साडेपाचला ऊन येतं तेव्हा ती भिंत जी काही दिसते ना.

छताकडची रेघ तर मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. टेप लावून त्याच्या कडेवर आधी छताचाच पांढरा फिरवलात, तो वाळला मग विटकरीचे दोन हात, आणि शेवटचा हात ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढलीत. आधी पांढरा कशाला हे मला कळेना, तर म्हणे टेपखाली जे काही शिरायचं ते पांढरंच शिरू दे, गडद रंग मग आत जात नाही. इतकी वर्षं मी टेपलाच नावं ठेवत होते.

वॉलपेपरचे रोल वाया जाऊ दिले नाहीत तेही लिहायलाच हवं, कपाटाच्या आतल्या पाठीला लावून दिलेत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता कपडे काढताना रोज ती पानं दिसतात.

त्या दिवशी जे तोडून बोलले त्याबद्दल सॉरी काका. खूप खूप आभार. उरलेला डबा तुम्ही झाकणावर शेड नंबर लिहून दिलात तसाच माळ्यावर आहे. आणि तुमचा पत्रा खिडकीत राहिलाय, लाकडी मुठीचा, तुमचा आवडता असणार तो. रविवारी घरीच आहोत, चहाला या आणि घेऊन जा, काकूंनाही आणा.