गज्या, तुझ्या शेडाबद्दल लिहितो

प्रिय गज्या,

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी बीपीची गोळी चालू आहे, पऱ्हाटी मांडीला लागली, सोयाबीन फुलावर आलं. झाली ख्यालीखुशाली.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आपण पाच मिनिटांत भांडणावर येतो, आणि हे मला शेवटपर्यंत सांगायचं आहे. पत्र तुझ्या भाच्याजवळ देऊन राहिलो, तो ट्रॅव्हल्सने पुण्याला निघाला आहे. वाचून झाल्यावर मग भांड.

झालं असं की ऐन डवरणीत गवत काढायच्या डवऱ्याचा लोखंडी सांगाडा सांध्यातून सुटला. चार दिवसांच्या झडीनंतर आभाळ उघडलेलं, वापसा आलेला, सगळं गाव वावरात. कोणाचा डवरा मागायचा? मी आणि राणी तो गाडीला बांधून तालुक्याला घेऊन गेलो. तिथला एक जण म्हणे, "इतक्याशा कामासाठी मशीन कायले चालू करू? परवा या." परवापर्यंत पुन्हा झड लागली आणि गवत कमरेएवढं झालं. येताना पोरगी सगळ्या वाटेत गप्प. घरी आल्यावर म्हणते, "बाबा, दोन इंचाचा सांधा होता. दोन इंचासाठी आपला वापसा गेला. मले हे शिकाचं हाय."

आणि गंमत म्हणून बोलली नाही. आयटीआयचा फॉर्म भरला, वेल्डरचा ट्रेड, एक वर्षाचा. तिथे उभं राहण्याआधी हात बसला पाहिजे म्हणते. तिच्या मावश्यांनी नाकं मुरडली. मला मात्र तिचा हा विचार फार आवडला. ज्या गावात मिस्त्रीकाका गेल्यापासून कोणाच्या फाटकाचं बिजागर बसत नाही, त्या गावात माझी पोरगी वेल्डिंगचा होल्डर धरायचं म्हणते, याचा मला अभिमान आहे आणि तो मी कोणापासून लपवत नाही.

आता मुद्द्यावर. ज्याला सांगितलं तो पहिलं हेच म्हणतो, "काकांची मशीन पडून हाय ना शेडात!" तुझ्या बाबांची ती तेलाची वेल्डिंग मशीन. तेराव्यानंतर तू ती भंगारात काढायला निघाला होता आणि मी दारात आडवा झालो होतो, तेव्हापासून तिच्यावर कापड टाकून आहे. गावाला वाटते मी ती पोरीसाठीच राखली. म्हणून तुलाच आधी सांगतो: ती मी चालू करणार नाही. ती दोन फेजवर चालायची, ४१५ व्होल्टवर. तिचं मीटर तूच कापून घेतलं. घरच्या सिंगल फेजवर ती उठणारच नाही. आठवते ना, काकांनी रॉड टेकवला की आख्ख्या आळीचे बल्ब पिवळे व्हायचे आणि काकू म्हणायच्या, "बसला वाटते कामाले." ती मशीन काकांच्या हाताची होती. नवशिक्याने तिच्यावर शिकू नये, आणि माझ्या घरच्या तारांनी तर तिला झेलूच नये.

म्हणजे नवी घ्यायची. इन्व्हर्टरवाली वेल्डिंग मशीन. एका हाताने उचलते, सिंगल फेजवर चालते. यवतमाळला दुकानात जाऊन पाहून आलो, भाव सहा-साडेसहा हजाराच्या घरात. दुकानदार भला माणूस, पण प्रत्येक डबा उचलून एकच सांगते, "ही दोनशेची, ही अडीचशेची, ही तीनशेची, जास्त अँपिअर घ्या भाऊ." अरे, पण आपल्याला लागते किती? अडीचचा रॉड, म्हणजे बारा नंबर, सत्तर ते नव्वदवर चालते. दहा नंबरचा, ३.१५ चा, शंभर ते एकशेतीसवर. कुलरचा स्टँड, फाटक, बंडीचं काहीबाही, यापुढे पोरीला वर्षभर तरी जायचं नाही. खरेखुरे १६० देणारी मशीन भरपूर झाली. डब्यावर ३०० छापलेलं आणि मशीन जेमतेम तीन-चार किलोची, तर तो आकडा मी मानत नाही.

त्यापेक्षा मी मागचं लेबल वाचतो. ड्यूटी सायकल ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं जाळा, चार मिनिटं थांबा, आणि हा हिशेब ४० अंश तापमानाचा असते. आपल्या वैशाखात ४५ अंशात पत्र्याखाली तिचे सहा मिनिटं राहतील काय? म्हणून मशीन मोठ्या अँपिअरची घेऊन कमीवर चालवावी, हे दुकानदाराचं म्हणणं एवढ्यापुरतं मला पटते. २०० ची घेऊन ८५ वर चालवली की ती थंड राहते. तुझं काय म्हणणं?

दुसरं लेबल व्होल्टेजचं. हेच खरं आपल्या गावचं दुखणं. संध्याकाळी मल्टिमीटर लावला तर १८० च्या आसपास दाखवते. एका मशीनवर लिहिलं होतं २३०, अधिक-उणे १५ टक्के. म्हणजे १९५ च्या खाली ती मान टाकणार. मला १६० पर्यंत तग धरणारी पाहिजे. आणि पाहिजे ती आयजीबीटीची, म्हणजे त्या जातीच्या स्विचच्या बोर्डाची, कारण दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे तिचा बोर्ड यवतमाळात दुरुस्त होते. ऑनलाइन चार-पाचशे स्वस्त दिसते, पण बिघडली तर कुरिअरने कुठे पाठवू? सोयाबीनच्या हंगामात तिची वाट पाहत बसू? शिवाय डब्यातली केबल दोन मीटरची आणि वरून तांबं, आतून ॲल्युमिनियम. ती बदलून शुद्ध तांब्याची घ्यायची हे ठरलं.

आता तू म्हणशील, "सीओटू घे लेका, जमाना बदलला." म्हणजे ती गॅस आणि तारेवर चालणारी मशीन. ते भांडण आपण तुझ्या लग्नातही केलं, पंगतीत, तुझ्या सासऱ्यांच्या समोर. त्यांना वाटलं आपण शेतीच्या हिश्श्यावरून भांडून राहिलो. पण ऐक. तुझ्या चाकणच्या कंपनीत छप्पर आहे, सिलिंडर दारात येते. इथे सिलिंडर भरायला यवतमाळ, आणि अंगणात जरा वारा सुटला की गॅस उडाला आणि टाक्यात भोकं पडली. बिनागॅसची तार मिळते हे मलाही माहीत आहे, पण ती मशीन दुप्पट पैशांची आणि तारेचं रीळ वेगळं. शिकणाऱ्याने रॉडवरच शिकावं. रॉड चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि त्यातच हाताला अंतर कळते. काकांनी आपल्याला असंच शिकवलं ना? तुझा हात आज सरळ चालते तो त्या बारा नंबरच्या रॉडमुळे, हे कबूल कर.

रॉड ६०१३ चाच. काका "अडवाणीचा रॉड" म्हणायचे, त्या कंपनीचं नाव बदलून अडोर होऊन वीस वर्षांवर झाली तरी. पुडक्यावर आयएस ८१४, रॉडचा तो मानकाचा नंबर, पाहून घेईन. पावसाळ्यात रॉड दमट झाला की फडफडते आणि वरचं आवरण गळते, म्हणून फोडलेलं पुडकं झाकणाच्या डब्यात. ७०१८ च्या रॉडला तिने आत्ता हात लावायचा नाही. आणि डवऱ्याची पास, वखराची पास, म्हणजे त्यांची पाती, यांनाही नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. ती गाडीच्या कमानीच्या पाट्याची असते. तिच्यावर साधा टाका दिसायला छान बसते आणि पहिल्या ढेकळात टाक्याच्या बाजूलाच तडकते. ते काम भात्यावरच्या लोहाराचं. सांगाडा साध्या लोखंडाचा, तो तिने खुशाल जोडावा.

बरं, वहिनींची शाळा कशी चालू आहे? पिंट्याचं दहावीचं वर्ष ना? गणिताचा क्लास लावला काय? फ्लॅटचे हप्ते किती राहिले ते लिही. चल, पुढे.

खरी चिंता मशीनची नाहीच. चिंता डोळ्यांची आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला कळणार? काकांच्या त्या रात्री तुलाच माहीत. दिवसभर काळी काच अर्धी बाजूला सारून टाके मारायचे, आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होऊन भिंत धरून बसायचे. काकू बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. चकत्यांनी नुसता गारवा वाटायचा. बुबुळावरची साल भाजली की ती भरायला एक-दोन दिवस लागतातच, आणि ती भाजली हे सहा-आठ तासांनी कळते, तोवर माणूस हसत-खेळत जेवून झोपलेला असते. काका हे दर थोड्या दिवसांनी करत राहिले. शेवटी त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी हे पोरीला सगळं सांगितलं, तुझ्या बाबांचं नाव घेऊन. तुला वाईट वाटू नये म्हणून कळवतो.

म्हणून पहिले पैसे मास्कचे. आपोआप काळा होणारा, हजाराच्या आत-बाहेर. हातात धरायच्या पाटीला अकरा नंबरची काच स्वस्त पडते, पण नवशिक्या काळोखात रॉड कुठे टेकवायचा ते शोधते, मग वैतागून पाटी बाजूला करते, आणि तिथेच भाजते. आपोआपच्या काचेतून आधी सांधा दिसते, ठिणगी पडली की काळोख होते. ८०-९० अँपिअरला दहा किंवा अकरावर ठेवायचा. ग्राइंडर चार इंची, आणि त्याचं गार्ड काढायचं नाही. तुझ्या कपाळावरची खूण तिला फोटोत दाखवली. ग्राइंडरला पांढरा चष्मा वेगळा. अंगात सुती कपडे, नायलॉनची ओढणी त्या दिवशी नाही. गॅल्व्हनाइजचा पाइप आधी घासून जस्त काढल्याशिवाय जाळायचा नाही, नाहीतर रात्री हुडहुडी भरते. डिझेलचा रिकामा डबा कितीही धुतला म्हणून कोणी आणला तरी परत पाठवायचा, मग तो सरपंच का असेना.

वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी लाइन ओढायची, चार चौरस मिलिमीटर तांब्याची, ३२ चा एमसीबी, आणि अर्थिंगचा नवा खड्डा. ८५ वर जाळताना २३० व्होल्टला पंधराएक अँपिअर ओढेल, १८० ला त्याहून जास्त. कुलरच्या बोर्डात पिन खोचून हे होत नाही. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागेल. पावसाळ्यात पायाखाली कोरडी फळी आणि जोडा, चप्पल नाही.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. जागा. माझ्या घरी जागा नाही गज्या. गोठ्यात कुटार, मागे पऱ्हाटीचे आणि तुराटीचे गंज, आणि दसऱ्यानंतर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. ठिणगी कुठे उडून बसेल आणि दोन तासांनी कुठून धूर निघेल, सांगता येत नाही. गावात एकच जागा आहे, तुझं शेड. पत्र्याचं, खाली मुरूम, चारही बाजूंना मोकळी जागा, जळण्यासारखं आत काही नाही. माझ्या मीटरपासून भिंतीपलीकडेच, तार ओढता येते.

मी किल्ली काकूंना मागितली नाही. त्या देतील हे मला माहीत आहे, म्हणूनच मागितली नाही. शेड तुझं आहे. मशीन आहे तिथेच कापडाखाली राहील, तिला कोणी हात लावणार नाही. पण काकांची ऐरण, त्यांचा गुणिया, ती दांडा घासून गुळगुळीत झालेली पोचे काढायची हातोडी, हे पोरीने वापरावं अशी माझी इच्छा आहे. तुला नको वाटत असेल तर नाही म्हण. मी दुसरीकडे चार पत्रे उभे करीन, कुरबूर करणार नाही. पण विचार करून म्हण.

पोळ्याला येशील ना? दोन दिवस जास्त काढ. मी तिला रॉड धरायचं शिकवीन, पण टाका वाचायला तूच पाहिजे. मला कुठे चुकलं ते दिसते, का चुकलं ते तू सांगतो.

येताना एक आण. चामड्याचे हातमोजे. यवतमाळला सगळे पुरुषी मापाचे. तिने घालून पाहिले तर बोटांच्या पुढे दोन-दोन बोटं चामडं लोंबत होतं आणि होल्डर हातात फिरत होता. पुण्याला लहान मापाचे मिळतात म्हणे. पत्रासोबत एक कागद आहे, त्यावर तिचा उजवा हात पेन्सिलने उतरवून दिला आहे, त्या मापाने घे. पैसे आल्यावर घेशील, नको म्हणायचं नाही.

काकूंना मी रोज पाहतो, बऱ्या आहेत. दुकानदाराने शुक्रवारपर्यंत भाव धरून ठेवला आहे. १६० की २०० आणि शेडाचं हो की नाही, एवढं गुरुवारपर्यंत फोन करून कळव. फोनवर सीओटूचं नाव काढू नको.

तुझा,
दिगंबर