उत्तरायणाला किती जण येताय?

दांडिया बाजार, बडोदं
मंगळवार, दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, खरं सांगा, पुण्यातल्या त्या संध्याकाळचं मनात काही नाही ना?" मी "नाही गं" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. एवढ्यावर तुझं समाधान झालं नसणार. माझंही झालं नाही. शिवाय उत्तरायणाला मित्रमैत्रिणींना घेऊन येतेस आणि येताना बियरचे चार कॅन आणू का, हेही तू विचारलं होतंस. त्याचं उत्तरही राहिलंच. दोन्ही इथे लिहितो.

आधी रागाचं सांगतो. गेल्या वर्षी तुझ्या वाढदिवसाचा फोटो आला. तुझ्या हातात फेसाळलेला ग्लास होता. मी चार दिवस तुझा फोन घेतला नाही आणि आईने तुला सांगितलं की बाबांना ताप आहे. ताप नव्हता. गुजरात १ मे १९६० ला वेगळा झाला तो दारूबंदी घेऊनच, आणि माझा जन्म त्यानंतरचा. या गावात मी दारूचं उघडं दुकान कधी पाहिलंच नाही. पाहिल्या त्या पोटल्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली चोरटी दारू, अंधारात घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून संपवायची. आपल्या गल्लीतले एक गृहस्थ त्यात गेले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, दहावीनंतर ती शाळेत दिसली नाही. पुढे कारखान्यात लागल्यावर मला त्यामागचं रसायन कळलं, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. पोटलीत मिथेनॉल असेल तर शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं. आधी डोळे जातात, मग माणूस. २०२२ च्या जुलैत बोटाद-धंधुका भागात चाळीसहून जास्त माणसं अशी गेली. ते मिथेनॉल एका कारखान्यातून चोरलेलं होतं. मी स्वतः कारखान्यातला माणूस, सोनू. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तुझा फोटो पाहिला तेव्हा ग्लास तुझ्या हातात होता, पण मला दिसली ती पोटली. त्यात तुझा काही दोष नव्हता. पण ते कळायला मला पुण्याला यावं लागलं.

तू आम्हाला त्या ब्रुअरीत नेलंस तेव्हा दारातून आत शिरताच मी थबकलो होतो. तुला वाटलं, बाबा परत फिरणार. मी काचेपलीकडच्या टाक्या पाहत होतो. शंकूसारख्या तळाच्या, स्टीलच्या, अंगावर थंड पाण्याचं जॅकेट, बाजूला तापमानाचा आकडा. चौतीस वर्षं मी पेनिसिलिनच्या फर्मेंटरजवळ शिफ्ट केल्या, आणि तेच सगळं इथे, फक्त लहान. पेनिसिलिन तयार करणाऱ्या आमच्या बुरशीला सतत निर्जंतुक हवा द्यावी लागायची, ढवळत राहावं लागायचं. बियरच्या यीस्टचं उलट. सुरुवातीला थोडी हवा मिळाली की पुरे, मग झाकण बंद. हवा नसतानाही ते साखरेचं अल्कोहोल करतं. तिथला मुलगा तुझ्याच वयाचा होता. त्याला मी विचारलं, "बॅच कधी जाते का?" तो म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात एक आख्खी टाकी गटारात सोडली. आंबट झाली होती." पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं फक्त टाक्या धुण्यावर बोलत होतो. कॉस्टिक सोडा किती, किती गरम, किती वेळ. तू मागे उभी राहून हसत होतीस, मला दिसत होतं.

त्याच्याकडून कळलेलं मी घरी येऊन आजीला सांगितलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, मग गरम हवेवर वाळवायचे. आजी लगेच म्हणाली, "म्हणजे नाचणीचं सत्त्व करतो तसंच की." अगदी तसंच. मोड आले की दाण्यातला स्टार्च साखरेत बदलायला तयार होतो. मग तो दाणा भरडून गरम पाण्यात मुरवायचा, गोड पाणी गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप्सची फुलं टाकायची, गार करून यीस्ट सोडायचं. उरलेला चोथा गोठ्यात जातो, हे ऐकून आजीला फार बरं वाटलं. १५१६ साली बव्हेरियात नियम केला होता की बियरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स याशिवाय काही घालायचं नाही. त्या यादीत यीस्ट नाही, कारण ते असतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पाश्चरने १८७६ मध्ये बियरवरचं पुस्तक लिहिलं, तोवर साडेतीनशे वर्षं लोक न दिसणाऱ्या कामगाराच्या भरवशावर धंदा करत होते. आमच्या खात्यातही आम्ही यीस्ट-बुरशीला कामगारच म्हणायचो.

मग तो लाकडी ट्रे आला, सहा छोटे ग्लास आणि माणसं आठ. एक ग्लास फिरायला लागला. तू घोट घेतलास, मैत्रिणीला दिलास, तिने पुढे दिला. आपल्या घरात उष्टं खायची पद्धत नाही, आजीने तर दुसऱ्याच्या पेल्याला कधी हात लावला नाही. मी आईकडे पाहिलं. तिने गव्हाच्या बियरचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "याला शिकरणाचा वास येतोय." सगळे हसले, पण ती बरोबर होती. त्या यीस्टमधून आयसोअमाइल ॲसिटेट तयार होतं आणि पिकल्या केळ्यातही तेच असतं. मागून येणारी लवंगही यीस्टचीच. आत ना केळं पडलेलं असतं ना लवंग. आईने दोन घोट घेतले आणि ग्लास मला दिला. लग्नानंतर तिने मला उष्टं दिलेलं ते पहिलंच.

आता त्या संध्याकाळचं खरं मोल सांगतो. ते बियरमध्ये नव्हतं.

आधी आपण सिनेमा पाहिला होता. शेवटी तो मुलगा वडिलांचं घर विकतो, ते तुला आठवत असेल. थिएटरमधून बाहेर पडताना कुणी काही बोललं नाही. ग्लास फिरायला लागले तशी चर्चा सुरू झाली. त्याने विकलं ते बरोबर की चूक. तुझा तो उंच मित्र म्हणाला, घर म्हणजे विटा, भावना वेगळी. आणि आई एकदम म्हणाली, "मी असते तर सही केली नसती. एकदा केली, पुन्हा नसती केली." मग तिने ग्वाल्हेरचं सांगितलं. तिथल्या लष्कर भागातलं तिच्या वडिलांचं घर, दारातला पारिजातक, भावांनी पाठवलेले कागद. मी तिथेच होतो त्या दिवशी, पेन मीच दिलं होतं. मला वाटलं होतं, तिला त्याचं काही नाही. ३३ वर्षं मला वाटत आलं होतं. आणि ते कळलं कुठे, तर पुण्यात, तुझ्या मित्रांसमोर, दोन घोटांनंतर. ते दोन घोट तिला चढले नव्हते. तिला कुणीतरी विचारलं होतं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" मी कधी विचारलंच नव्हतं.

हे लिहिताना मला आप्पा आठवतात. तुझे आजोबा सयाजीरावांच्या कलाभवनात चित्रकला शिकले, आणि दादासाहेब फाळकेही तिथेच शिकले होते, याचा त्यांना एवढा अभिमान की ३ मे १९१३ ही 'राजा हरिश्चंद्र'च्या पहिल्या खेळाची तारीख आम्हा भावंडांना वाढदिवसासारखी पाठ होती. महिन्यातून एकदा ते सगळ्या वाड्याला सिनेमाला न्यायचे. सहाचा खेळ, आजीने बांधलेल्या दशम्या, मध्यंतरात एका सोड्यात तिघं. सुटल्यावर सूरसागरच्या काठावर बसायचं, शेव-उसळ खायची आणि प्रत्येकाने सांगायचं काय आवडलं. लहानातल्या लहान मुलानेसुद्धा. त्याशिवाय कुणी उठायचं नाही.

शेजारच्या काकूंना पेन्शन नव्हती, तीन मुलं होती. त्या सिनेमाला नको म्हणायच्या. आप्पा त्यांना म्हणायचे, "वहिनी, माझ्याकडून चार तिकिटं जास्त निघाली, फुकट जातील, चला." दर महिन्याला चार तिकिटं जास्त निघायची. काकूंना कळत असणारच. पण त्या यायच्या, कारण आप्पांनी त्यांना नाही म्हणायची वेळ येऊ दिली नव्हती.

तुझा जो मित्र हल्ली येत नाही म्हणून तुला वाईट वाटतं, त्याच्याबद्दल मला हेच सांगायचं आहे. तू म्हणालीस, "बाबा, आम्ही त्याला दर वेळी बोलावतो, तोच टाळतो." बाळा, तुमची कॉन्ट्री समान निघते. त्याची नोकरी नवीन, घरी पैसे पाठवतो, शिवाय पीत नाही, हे तूच सांगितलंस. त्या दिवशी बिल आलं तेव्हा मी पाहिलं, ती बियर स्वस्त नाही. लिंबू सरबत घेणाऱ्याने आठ जणांच्या बियरचा आठवा हिस्सा द्यायचा आणि वर हसायचं, हे किती वेळा जमेल? "तू प्यायला नाहीस, तू कमी दे" असंही चारचौघांत म्हणू नका, त्याने माणूस आणखी अवघडतो. सिनेमाची तिकिटं तू काढ आणि तिथे जेवण करायच्या ऐवजी घरी या. पिठलं-भात कर. ज्याला प्यायची आहे तो आपापली विकत घेईल. तेवढ्याने तो आला तर पाहा.

बाकी तुमच्या मंडळींचं मला खरंच कौतुक वाटलं. जी मुलगी गाडी चालवणार होती तिने ट्रेमधल्या एकाही ग्लासला तोंड लावलं नाही, आणि कुणी तिला "एक घोट घे गं" म्हटलं नाही. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण तुम्ही ती शून्य धरता, हे मला आवडलं. एक मात्र मी पाहिलं. दुसऱ्या ग्लासापर्यंत सिनेमावर बोलणं चाललं होतं, आईचं ग्वाल्हेरही तेव्हाचंच. तिसरा आल्यावर तेच तेच बोलणं फिरायला लागलं, दोघांनी फोन काढले. तू दुसऱ्यावर थांबलीस, हे मी पाहिलं.

आता कॅनचं. आणू नकोस. बाहेरून येणाऱ्यांना परवाना मिळतो, मला माहीत आहे, आणि तुझे मित्र तो काढतीलही. पण या गल्लीत ज्या घरातली मुलगी दहावीला शाळेतून गेली त्या घराच्या गच्चीला आपली गच्ची लागून आहे. तिची आई अजून तिथे असते, संध्याकाळी कठड्याशी येऊन बसते. तिच्यासमोर तो ग्लास मला धरवणार नाही. पुण्यात मी तुझ्याबरोबर बसेन, पुढच्या वेळी त्या मुलाला विचारायचे आणखी प्रश्नही काढून ठेवले आहेत. इथे नको.

इथलं मी ठरवलं आहे. १४ तारखेला पहाटे साडेसहाला सगळ्यांना उठवणार आणि नीरा प्यायला नेणार. तुझ्या त्या उंच मित्राला सांग, यात तुमच्या बियरचाच कामगार आहे, फक्त झोपलेला. मडक्याला आतून चुना लावतात तो त्याला झोपवून ठेवायला. ऊन वर आलं की तो जागा होतो आणि नीरेची ताडी व्हायला लागते, म्हणून उजाडताच प्यायची. दिवसभर पतंग, दुपारी उंधियू, आजीचे तिळगूळ. संध्याकाळी गच्चीवर पांढरी चादर बांधून सिनेमा. प्रोजेक्टर मी शेजारच्यांकडून मागून ठेवला आहे. कठड्यापलीकडच्या काकूंनाही या बाजूला बोलावणार आहे, खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ठेवू. सिनेमा कोणता ते आईने निवडायचं, असं मी तिला सांगितलं, तर ती दोन दिवस विचार करते आहे.

खेळ संपल्यावर कुणी उठायचं नाही. आधी प्रत्येकाने बोलायचं, आप्पांच्या नियमाने. पहिला प्रश्न मी आईला विचारणार आहे.

पुण्याहून अहिंसा एक्स्प्रेस सोयीची पडेल, पण उत्तरायणाच्या गर्दीत जागा लवकर भरतात, आजच पाहा. त्या मित्राला सांग, बडोद्याच्या बाबांनी एक तिकीट जास्त काढलं आहे. पैसे मी तुला पाठवले आहेत, त्याला त्यातलं काही सांगू नकोस.

आजी विचारते आहे, एकूण माणसं किती. गाद्या सात आहेत, दोन कापूसवाल्याकडून पिंजून आणायच्या आहेत. नक्की आकडा या आठवड्यात कळव.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, इथली भाकरवडी तुमच्याकडच्यापेक्षा चांगली, तेव्हा तिकडून आणू नकोस. पारिजातकाचं एखादं रोप मिळालं तर आण. गच्चीत जागा केली आहे.