ताई, ती ओळ माझीच होती

ताई,

सप्रेम नमस्कार.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे, त्यात काय" म्हणून विषय बदलता आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. म्हणून इथे.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारा आमचा एक प्रोग्राम आहे. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून वजन घ्यायचं, पावती काढायची, नोंद पुढे पाठवायची. नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी तो हौसेने डी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून ठेवला आणि नंतर तो माझ्या गळ्यात आला. ऐन गळीत हंगामात तो पडायला लागला. कधी दोन तासांनी, कधी पाच. पडताना एकच वाक्य: इनव्हॅलिड मेमरी ऑपरेशन. कुठून आला, कुणी बोलावलं, काही पत्ता नाही. जो ओळ क्रमांक दिसायचा तो डीच्या स्वतःच्या रनटाइममधल्या, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या कोडमधल्या, फाइलचा. म्हणजे चोरीची तक्रार घेऊन जावं आणि पोलिसांनी ठिकाण म्हणून चौकीचाच पत्ता लिहावा.

रात्री दीड वाजता काट्यावरून फोन यायचा. "साहेब, परत बंद पडलंय." मागे ट्रॅक्टरांची धडधड ऐकू यायची. त्या रांगेत थंडीत ताटकळणाऱ्या माणसांना आमची मेमरी कोण सांभाळतं याच्याशी काय देणंघेणं?

आता थोडं बाकीच्यांबद्दल, कारण ते बोलल्याशिवाय माझं पोट हलकं होणार नाही. पहिले साहेब म्हणाले, रॅम वाढव. ८ जीबीची १६ केली. प्रोग्राम तितक्याच निष्ठेने पडत राहिला. दुसऱ्यांनी सगळ्याला ट्राय-कॅच, म्हणजे चुका पकडणारं जाळं, गुंडाळायला लावलं. ते जाळं एक्सेप्शनसाठी, म्हणजे सावरता येणाऱ्या चुकांसाठी होतं, आणि डीमध्ये हा एरर एक्सेप्शनच्या घराण्यातला नाहीच, तो जाळ्याच्या बाजूने निघून जातो. तिसरे तासाच्या दराने पैसे मोजून बोलावलेले. ते हसून म्हणाले, "गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत मेमरीचे एरर येत नसतात. तुमच्या मुलाने काहीतरी घोळ घातलाय." (गार्बेज कलेक्टर म्हणजे वापरून झालेली मेमरी आपोआप परत घेणारा भाग.) घोळ मी घातला होता, हे खरं. पण त्यांचं पहिलं वाक्य साफ चूक होतं आणि बिल त्याच वाक्याचं लागलं. शेवटी दर तासाला प्रोग्राम आपोआप रीस्टार्ट करायचं ठरलं आणि मीटिंगमध्ये त्याला सोल्यूशन म्हटलं गेलं.

तुम्ही खाली आलात त्या वरचा प्रिंटर बिघडला होता म्हणून. तुमचा मजला तिसरा, काम हार्डवेअरचं, तेही सीमधलं. माझ्या प्रोग्रामशी तुमचा काडीचा संबंध नव्हता. कागद निघेपर्यंत माझ्या स्क्रीनकडे बघत उभ्या होतात आणि एकदम विचारलंत, "तू हा बंद कसा करतोस?"

म्हटलं, कंट्रोल-सी.

"म्हणजे बिचाऱ्याला कधी नीट संपूच देत नाहीस."

मग खुर्ची ओढलीत. कागद प्रिंटरमध्येच राहिले.

त्यानंतरचं सगळं उगाळत नाही. गाडी उतरली की लगेच गार्बेज कलेक्शन करायला लावणारी एक ओळ तुम्ही लूपमध्ये टाकायला सांगितलीत. पाच तासांनी येणारा एरर टेस्टमधल्या तिसऱ्याच गाडीला आला. मग जीडीबी या चुका शोधायच्या प्रोग्राममध्ये, हा एरर जिथून फेकला जातो त्या फंक्शनवरच ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवणारी खूण, लावलात, आणि इतके दिवस तोंड लपवून बसलेला स्टॅक, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी, समोर आला. त्यात डिस्ट्रक्टर होता, म्हणजे ऑब्जेक्ट जाताना आपोआप चालणारा कोड, आणि डिस्ट्रक्टरमध्ये लॉगची, म्हणजे नोंद लिहिणारी, एक ओळ.

डीचा कलेक्टर केर काढायला निघतो तेव्हा सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामं, थांबवून वापरातल्या मेमरीवर खूण करतो. उरलेली झाडताना एकेका ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालवतो. माझ्या लॉगच्या ओळीत दोन स्ट्रिंगा, म्हणजे मजकुराचे तुकडे, ~ ने जोडल्या होत्या. जोडलं की नवी स्ट्रिंग, नवी स्ट्रिंग म्हणजे नवी मेमरी, आणि ती मागायची कुणाकडे, तर त्याच कलेक्टरकडे. (डिस्ट्रक्टरच्या नावाआधीही डीमध्ये तेच ~ असतं. महिनाभर दोन्ही एकाखाली एक डोळ्यांसमोर होती.) तुम्ही म्हणालात, "सुपलीत केर भरलाय आणि तू म्हणतोयस, दे ती सुपली, तांदूळ पाखडायचेत." कॉलेजात चार वर्षं शिकलो, पण हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. एररबरोबर स्टॅक का येत नाही तेही तेव्हाच कळलं. तो जमवायलाही मेमरी लागते, आणि मेमरीचीच तर बंदी!

पण ताई, हे पत्र त्यासाठी नाही.

तुमच्या सवयीप्रमाणे तुम्ही एडिटरमध्ये तो डाव्या बाजूचा रकाना उघडला होतात, कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते दाखवणारा. लॉगच्या ओळीसमोर माझं नाव होतं. जोडण्या वेळेवर बंद होतात का, हे बघायला ती महिन्यापूर्वी मीच घातली होती. मी ते नाव वाचलं. तुम्हीही वाचलंत. दोन सेकंद कुणीच बोललं नाही. माझे कान गरम झाले होते.

नेमके तेव्हाच साहेब आणि ते तासवाले पाहुणे मागून आले. सापडल्याचा वास लागला असावा. साहेबांचा पहिला प्रश्न, "कुणी लिहिलंय हे?"

तुम्ही मागे वळलाही नाहीत. डाव्या हाताने दोन बटणं दाबलीत आणि रकाना गेला. "लॉगची ओळ चुकीच्या जागी पडलीय," तुम्ही म्हणालात. "काढतोय आम्ही."

आम्ही. तुमचा त्यात एक अक्षराचाही हात नव्हता. प्रिंटरमधले कागद घेऊन तुम्ही केव्हाच वर जाऊ शकला असतात. खोटं बोलला नाहीत, माझी बाजूही मांडली नाहीत, नुसता रकाना झाकलात. ते गेल्यावर तो पुन्हा उघडलाही नाहीत. मला म्हणालात, "आता सॉकेटचं बघू," कारण खालच्याच ओळीत मी डिस्ट्रक्टरमधून सॉकेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीच्या, ऑब्जेक्टला हात लावत होतो. "तो तुझ्या आधीच गेलेला असेल. यांच्यात कोण आधी जाणार याचा नेम नसतो." मग सांगितलंत की जावावाल्यांनीही शेवटी हात टेकले, त्यांचं डिस्ट्रक्टरसारखं फायनलाइझ २०१७ साली जावा ९ मध्ये बाद ठरवलं आणि २०२२ च्या जावा १८ मध्ये काढून टाकायच्या यादीत घातलं. हे मला बरं वाटावं म्हणून होतं हे कळत होतं. बरं वाटलंही.

घरी आईला सांगितलं. डिस्ट्रक्टर वगैरे तिला काही झेपलं नाही, पण रकाना झाकला हे बरोबर कळलं. म्हणाली, "चांगल्या घरची असणार." घराचं मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की तुमच्याइतकं येणारी माणसं आमच्या मजल्यावर निदान तीन आहेत आणि त्यांच्यापाशी प्रश्न घेऊन जायला मला अजूनही धीर होत नाही. प्रश्न विचारला की ते आधी माणसाकडे बघतात, मग कोडकडे. तुम्ही स्क्रीनकडेच बघत होतात. हुशारी बाजारात तासाच्या दराने मिळते, हे मी या हंगामात पाहिलं. साधा चांगुलपणा मात्र प्रिंटर बिघडल्यावरच भेटला, आणि तोही फुकट.

तर ती ओळ माझी होती, साहेब. आता ती तिथे नाही. जोडणी गाडी उतरल्याबरोबर बंद होते, लॉगही तिथेच लिहिला जातो. सगळ्या डिस्ट्रक्टरांवर नो-जीसीचा, म्हणजे इथे कलेक्टरकडे मेमरी मागायची नाही असा, शिक्का मारलाय. तो मारल्याबरोबर कंपायलरनेच आणखी दोन जागा दाखवल्या, आणि त्या दोन्ही माझ्या नव्हत्या. कुणाच्या, ते बघितलं नाही. रकाना बंदच ठेवला होता.

गेल्या आठवड्यात रात्री पुन्हा काट्यावरून फोन आला. नंबर बघूनच पोटात गोळा. त्याला विचारायचं होतं, पावतीवरचे आकडे जरा मोठे करता येतील का, चष्मा फुटलाय.

आणि हो, तुमचे ते प्रिंटचे कागद अजून माझ्या खणात आहेत. सोमवारी वर आणून देतो.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा